तळ पाहून मुक्काम

"ताई, टाकी शंभर लिटरची आहे. चौघांना जेमतेम दीड दिवस पुरेल. पाणी जरा जपून वापरा."

भाड्याची कॅराव्हॅन ताब्यात देताना चालकाने हे सांगितलं, तेव्हा माझ्या नणंदेने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. आम्ही दोघी सिडकोत राहतो. छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी कधी पाच दिवसांनी येतं, कधी आठ. ड्रम, पिंप, हंडे, गच्चीवरची टाकी या हिशेबात आमची निम्मी हयात गेली. भाजी धुतलेलं पाणी कुंडीला घालायचं, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात वापरायचं, पाहुणे आले की आधी पिंपात डोकावायचं. शंभर लिटर म्हणजे आमच्या लेखी सुबत्ता. ती टाकी आम्ही अडीच दिवस चालवली. भांडी आधी कागदाने पुसायची, मग साबणाच्या ओल्या फडक्याने घासायची आणि शेवटी तांब्याच्या बारीक धारेखाली विसळायची. एका पातेल्याला अर्धा तांब्या पाणी लागतं.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत भूगोल शिकवला, त्यातली अकरा वर्षं पैठण तालुक्यात. आमचे हे वाळूजच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. दोघंही निवृत्त झाल्यावर ठरवलं, की हॉटेलात उतरायचं नाही, नदीच्या आणि समुद्राच्या शेजारी राहायचं. सकाळी दार उघडलं की समोर पाणी दिसलं पाहिजे. म्हणून एकदा कॅराव्हॅन भाड्याने घेऊन कोकणात गेलो, त्याआधी लेकीकडे न्यूझीलंडला गेलो असताना तिथल्या तळांवर राहिलो, आणि आमच्या पैठणजवळच्या नाथसागर जलाशयाच्या काठी तर अनेकदा. या सगळ्यांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. लोक गाडीची चौकशी करतात, चौकशी तळाची करायला हवी.

तरी आधी गाडीबद्दल सांगते. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. आमच्या गाडीत मागे आडवा पलंग होता. मधल्या टेबलाचा पाय काढून फळी खाली टेकवली की दुसरा पलंग तयार व्हायचा. एक छोटं सिंक, शेगडी, वीतभर फ्रीज आणि कपाटाएवढ्या जागेत संडास. संडासाखाली सरकणारी पेटी असते, तिला कॅसेट म्हणतात. ती साधारण अठरा-वीस लिटरची असते. चार माणसं असतील तर दीड-दोन दिवसांत भरते आणि चाकं लावलेल्या बॅगेसारखी ओढत नेऊन रिकामी करावी लागते. सिंकचं सांडपाणी वेगळ्या टाकीत साठतं. पंखा, दिवे, मोबाइल बॅटरीवर चालतात. एसी लावायचा तर मात्र बाहेरून पंधरा-सोळा अँपिअरचा प्लग हवा, आणि त्या प्लगला धड अर्थिंग हवं. पत्र्याच्या घरात अर्थिंगकडे दुर्लक्ष करून चालत नाही. रात्री पलंगाला पाठ टेकण्याआधी आमचे हे टेस्टर घेऊन एकदा खाली उतरत, तेव्हाच मला झोप येई.

अशा गाड्यांसाठी आपल्या देशात एआयएस-124 नावाचं मानक आहे आणि त्यानुसार मंजुरी मिळालेली गाडीच 'मोटार कॅराव्हॅन' म्हणून नोंदवली जाते. हे सांगायचं कारण, जुना टेम्पो घेऊन सुताराकडून पलंग-ओटा ठोकून घ्यायचा बेत अनेकांच्या डोक्यात असतो. आमच्याही होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या मूळ रचनेत असा बदल परस्पर करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच पाहील. त्यापेक्षा आहे त्या गाडीत गादी टाकून जावं.

महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. त्यात गाड्यांसोबत कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे. पार्क म्हणजे गाडी उभी करायला सपाट जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि सांडपाण्याची सोय. त्याच्या आदल्याच वर्षी कृषी पर्यटनाचं धोरण आलं होतं. दोन्ही एकत्र वाचली तर नदीकाठी चार एकर असलेल्या शेतकऱ्याला त्यात वाट दिसते. प्रत्यक्षात गाड्या आल्या आणि पार्क मागे राहिले. म्हणून आज कॅराव्हॅन घेऊन निघालेलं कुटुंब रात्री पेट्रोल पंपावर, हॉटेलच्या मागच्या पटांगणात किंवा कुणाच्या तरी अंगणात थांबतं.

आम्ही थांबलो ते देवबागला, एका अंगणातच. मालवणच्या खाली तारकर्लीपासून जमिनीची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेकडे जाते. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, टोकाला दोघांचा संगम. नकाशावर मुलांना ही जागा मी कितीदा दाखवली असेल! प्रत्यक्षात सकाळचा चहा नदीकडे तोंड करून आणि संध्याकाळचा समुद्राकडे तोंड करून प्यायला. मधलं अंतर चालत काही मिनिटांचं.

संभाजीनगरहून हे सहाशे किलोमीटरांहून जास्त आहे. एका दमात जाऊ नये. आम्ही वाटेत मुक्काम केला आणि घाट उजेडी उतरलो. कोकणातल्या गल्ल्यांत गाडीच्या उंचीचं भान ठेवावं लागतं. वर विजेच्या तारा, आंब्याच्या फांद्या. आमचे हे खाली उतरून पुढे चालत, हात वर करून, आणि गाडी त्यांच्या मागून.

अंगणात शिरताच घरच्या काकी धावत आल्या. "माडाखाली गाडी लावू नकात, नारळ पडतलो!" सावली पाहून आम्ही नेमकी माडाखालीच लावत होतो. वाळलेलं झावळही पत्र्याला पोचा पाडतं, नारळाचं तर विचारूच नका. गाडी हलवली. मग काकींनी घराच्या मागे सेप्टिक टाकीचं झाकण दाखवलं आणि विचारलं, "तुमच्या त्या पेटीत निळा औषध घालतास काय?" चालक हो म्हणाला. "मग माझ्या टाकीत ओतूक गावचा नाय." त्यांचं बरोबर होतं. वास येऊ नये म्हणून कॅसेटमध्ये घालतात ते रसायन मैला कुजवणारे जंतू मारतं. घरगुती सेप्टिक टाकी चालते ती त्याच जंतूंच्या जिवावर. एकदा ते मेले की टाकी तुंबायला लागते. आम्ही कॅसेट कोरडी केली, पुढचे दिवस नुसतं पाणी वापरलं आणि रोज सकाळी रिकामी केली. रोज केली तर वासही येत नाही.

समुद्राचा पहिला धडाही काकींच्या अंगणातच मिळाला. काका मासेमारीतले. मी विचारलं, भरती किती वाजता? त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, कालनिर्णय पाहिलं. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे साडेचार आणि दुपारी साडेचारच्या सुमाराला पाणी भरलेलं, आणि दोन्हींच्या मध्ये, पावणेअकराच्या आसपास, ओहोटी. ठिकाणानुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण हिशेब पक्का. भूगोलाच्या पुस्तकात मी शिकवत असे की भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. काकांच्या पाऊणपटीत रोजची पंचेचाळीस मिनिटं होतात. तीस वर्षं फळ्यावर चंद्र-सूर्य काढले, पण तिथीशी ही सांगड कुणी मला घालून दिली नव्हती. मराठवाड्यात समुद्रच नाही, कोण सांगणार! पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती म्हणजे उधाण, आणि अष्टमीच्या सुमाराची लहान भरती म्हणजे भांग. किनाऱ्याजवळ मुक्काम करणाऱ्याने निघायच्या तारखा ठरवताना हे पाहावं. उधाणाचं पाणी कुठवर येतं ते वाळूवर दिसतंच. काटक्या, शेवाळ, शिंपले यांची एक ओळ पडलेली असते. तंबू असो की गाडी, ती त्या ओळीच्या बऱ्याच वर, सुरूच्या बनाच्या मागे.

आणि वाळूवर गाडी घालूच नये. तिसऱ्या दिवशी आमच्या डोळ्यांसमोर एक नवी कोरी गाडी ओल्या वाळूत रुतली. आतली मुलं फोटोसाठी खाली गेली होती. चाक जितकं फिरवावं तितकं खोल जात होतं आणि पाणी चढत होतं. गावातल्या दहा-बारा जणांनी दोर बांधून ती काढली तेव्हा इंजिनापर्यंत खारं पाणी पोचलं होतं. त्यांतल्या एका मुलाच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. शिवाय त्याच वाळूत कासवं अंडी घालतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं आणि गावाने ते आपलं मानलं. हिवाळ्यात घरटी, मग उन्हाळ्याच्या तोंडावर पिल्लं. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. आपल्या गाडीचा किनाऱ्याकडे तोंड केलेला हॅलोजन त्यांना समुद्राऐवजी आपल्याकडे ओढतो. रात्री दिवे मालवून बसलं तर आपल्यालाही समुद्र जास्त दिसतो, हा माझा अनुभव आहे.

न्यूझीलंडमध्ये लेक-जावयाबरोबर वायकाटो नदीच्या काठी दोन रात्री आणि रॅगलनला काळ्या वाळूच्या किनाऱ्याजवळ दोन रात्री राहिलो. वायकाटो ही तिथली सर्वांत लांब नदी, 425 किलोमीटर. म्हणजे आपल्या गोदावरीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी, आणि तिचा मान केवढा! तळावर गेल्या गेल्या लेकीने मला आधी नळ, मग मैला ओतायची जागा, मग सामाईक स्वयंपाकघर दाखवलं. मैला ओतायच्या जागेला झाकण, वर वेगळा नळ, त्या नळावर 'हे पाणी पिऊ नका' अशी पाटी. बस. ओट्याएवढ्या सिमेंटच्या चौथऱ्याचं काम. पण त्यामुळे नदीत काही जात नाही. तिथे 2023 साली कायदा अधिक कडक झाला. नगरपालिकेच्या मोकळ्या जागेत फुकट मुक्काम करायचा तर गाडीत कायम बसवलेला संडास हवा, आणि तपासणीचं हिरवं प्रमाणपत्र समोरून दिसेल असं लावायला हवं. त्या सामाईक स्वयंपाकघरात मी पिठलं केलं. शेजारच्या शेगडीवरच्या एका आजीबाईने वास घेऊन कृती विचारली, आणि जाताना तिने ओटा जसा पुसला तसा मीही पुसला.

अमेरिकेतल्या अशाच एका तळाची सुरुवात कशी झाली ती गोष्ट मला फार आवडते. 1962 मध्ये सिएटलला जागतिक प्रदर्शन भरलं. तिकडे निघालेल्या कुटुंबांच्या मोटारींची मॉन्टॅना राज्यातल्या बिलिंग्ज गावावरून रीघ लागली. रात्री थांबायचं कुठे, हा त्यांचा प्रश्न. डेव्ह ड्रम नावाच्या गृहस्थाने यलोस्टोन नदीकाठच्या आपल्या जमिनीवर त्यांना जागा दिली. एक टेबल, चूल पेटवायला जागा, गरम पाण्याची न्हाणी, संडास, छोटं दुकान. रात्रीचे पावणेदोन डॉलर. त्यातून पुढे तळांची देशभर पसरलेली साखळी उभी राहिली, ती आजही चालू आहे. ड्रमने गाडी विकली नाही, जागा दिली.

आता आमच्या नाथसागराकडे येते, कारण जीव तिथे अडकला आहे. पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचं धरण, नाथसागर हा त्याचाच जलाशय. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत, 27 दरवाजे. जलाशय उथळ आणि पसरट, म्हणून हिवाळ्यात पाहुण्या पक्ष्यांची दाटी. चक्रवाक, पट्टकादंब, कधी रोहित. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा त्याच्या हद्दीत मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही, वनखात्याची परवानगी लागते. स्पीकर तर नकोच नको. पण हद्दीबाहेर, गावांच्या शिवारात, काठ मोकळा आहे.

एका फेब्रुवारीत आम्ही अशाच एका काठावर गादी टाकलेली आमची गाडी लावली. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी पीक घेतात, तिला गाळपेर म्हणतात. हरभऱ्याच्या कडेने कडक वाळलेली पायवाट होती, तिच्यावर गाडी उभी केली. पहाटे अवकाळी पाऊस आला. फक्त वीस मिनिटं. सकाळी उतरले तर चप्पल जमिनीने धरून ठेवली. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि साबणासारखी होते. चाकांना लाडूसारखे गोळे लागले, गाडी तिरपी सरकली. शेतकऱ्याने ट्रॅक्टरने ओढून काढली, पैसे घेतले नाहीत, उलट घरी नेऊन चहा दिला. माझ्या पायाखाली मात्र त्याच्या हरभऱ्याच्या दोन ओळी गेल्या, त्याची लाज अजून वाटते. आमच्या भागात तळ करायचा तर पहिलं काम मुरूम. हातभर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवलेली चार गाड्यांपुरती जागा. बाकी सजावट नंतर.

दुसरा प्रसंग जास्त दुखरा. एका जलाशयाकाठी व्यवस्थित पैसे घेऊन तंबू देणाऱ्या ठिकाणी उतरलो होतो. जागेचं नाव लिहीत नाही. गाद्या स्वच्छ, जेवण उत्तम. सकाळी फिरायला खाली गेले तर संडासांमागून आलेला एक पीव्हीसी पाइप झुडपात शिरत होता आणि त्याचं तोंड पाण्यापासून दहा पावलांवर उघडं होतं. मी कितीतरी वेळ तिथेच उभी राहिले. आमच्या शहराला पिण्याचं पाणी जलाशयातूनच येतं, जायकवाडीतून. आठ-आठ दिवस ज्या पाण्याची आम्ही वाट पाहतो, त्यातच असं काही सोडलं जात असेल तर? चालवणाऱ्या मुलाला बोलावून दाखवलं. तो वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, शोषखड्डा खणायला कुणी सांगितलंच नाही." मी त्याला वहीच्या कागदावर आकृती काढून दिली. मैल्याची टाकी वेगळी, सांडपाण्याचा शोषखड्डा वेगळा, दोन्ही पाण्यापासून दूर आणि उंचावर. पुढे काय झालं ते पाहायला मी अजून गेलेली नाही. जायचं आहे.

नदीकाठच्या मुक्कामातलं सर्वांत मोठं भय मात्र वेगळं. धरणाच्या खाली नदी कोरडी दिसते, वाळू मऊ असते, मुलं खेळतात. आभाळ निरभ्र. आणि शंभर मैलांवर झालेल्या पावसामुळे वरून विसर्ग सुरू होतो. बातमीत 'दहा हजार क्युसेक' वाचून आपण पान उलटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. दहा हजार म्हणजे सेकंदाला पावणेतीन लाख लिटरांहून जास्त. ऑगस्ट 2006 मध्ये जायकवाडीतून सोडलेलं पाणी पैठण गावात शिरलं होतं, ते तिथले लोक विसरलेले नाहीत. 8 जून 2014 रोजी हिमाचलात लारजी धरणातून अचानक सुटलेल्या पाण्यात बियास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी गेले. तेही सहलीलाच आले होते. मी वर्गात मुलांना ती बातमी वाचून दाखवली तेव्हा कुणी चुळबुळ केली नाही. पात्रात मुक्काम नाही, कोरड्या पात्रातही नाही, हिवाळ्यातही नाही. काठावरच्या झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या चिंध्या, पाचट, प्लॅस्टिक पाहा. गेल्या पुराची उंची तिथे लिहिलेली असते. तळ तिच्या वर. आणि थंडीत, बंद गाडीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नका. तिच्यातून सुटणाऱ्या विषारी वायूला वास येत नाही, जागही येत नाही.

नगर रस्त्यावर कायगाव टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते. जुनी देवळं, घाट, संध्याकाळी पाण्यावर वारा. शहरापासून जेमतेम तासाभराची वाट. दर वेळी तिथून जाताना मी खिडकीतून उंचवट्याची एखादी जागा हेरते. इथे मुरूम, इथे नळ, इथे चौथरा, बायकांसाठी कडी लागणारी चार न्हाणीघरं, रात्रीचा एक राखणदार. आमचे हे म्हणतात, तू नकाशाच काढून पंचायतीत दे. काढते आहे.

कारण ही विद्या आपल्याकडे नाही असं मला कुणी सांगू नये. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठी भरते. 1599 मध्ये एकनाथ महाराजांनी गोदावरीत जलसमाधी घेतली, तो दिवस. गावोगावच्या दिंड्या येतात, राहुट्या पडतात, आणि प्रत्येक दिंडीचा ट्रक म्हणजे चाकांवरचं घर. खाली शिधा, शेगड्या, पातेली, वर वळकट्या, ताडपत्री, मागे पाण्याचा टँकर. 'तळ' हा शब्दही त्यांचाच.

पैठण तालुक्यात असताना एका षष्ठीला आमच्या शाळेच्या पटांगणात बीडकडची एक दिंडी उतरली. काला झाल्यावर पहाटे आवराआवर चालली होती. मी चावी घ्यायला लवकर गेले. ट्रक भरून झाला होता, बायका वर चढल्या होत्या, आणि एक माळकरी बाबा एकटेच पटांगणाच्या लांबच्या कोपऱ्यात फावडं घेऊन उभे. तिथे त्यांनी मुक्कामापुरता चर खणला होता. त्यांनी चुलीतली सगळी राख आणून त्यात पसरली, वर माती ओढली, पायाने दाबली, पुन्हा माती ओढली. मग बाभळीची एक फांदी तोडून त्या जागी रोवली. मी विचारलं, "बाबा, ही कशाला?"

"मागून दुसरी दिंडी येईल, बाई. चूल इथं मांडायची नाही, हे त्यांना कसं कळावं?"